न उमटलेली रेघ

लोकांना वाटतं, रक्त डॉक्टर तपासतात. डॉक्टर चिठ्ठी लिहितात. तळमजल्यावर जिन्यामागच्या खोलीत बसलेला कुणीतरी टेक्निशियन ते तपासतो. सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयातली अशी एक खोली तीस वर्षं माझी होती. पेशंट मला सिस्टर म्हणायचे, खऱ्या सिस्टर मला 'लॅबवाल्या बाई' म्हणायच्या आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मी 'रक्त काढणारी कुसुम' होते. लग्नाच्या पंक्तीत कुणी ओळख करून दिली, की शेजारची बाई नकळत आपला हात पदराखाली घ्यायची.

माणसं तऱ्हेतऱ्हेची पाहिली. तालमीतला एक पैलवान सुई बघूनच बाकावर आडवा झाला आणि त्याच्या काडीएवढ्या बायकोनं त्याला वारा घातला. एक गृहस्थ लघवी अत्तराच्या बाटलीत घेऊन आले. रिपोर्टचं काय व्हायचं ते झालं, पण खोलीला दोन दिवस वाळ्याचा वास येत होता. एका विणकर बाईनं तेलुगूत विचारलं, तपासून उरलेलं रक्त परत मिळतं का. आम्ही हसलो. आता वाटतं, तिचं फिकुटलेलं अंग बघता तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

पण आज सांगायचंय ते दुधनीच्या मल्लिनाथबद्दल आणि त्याच्या आईबद्दल. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

मल्लिनाथ चौतिसाचा होता. दुधनीच्या बाजारात तूर, हरभरा मापणारा तोलार. उंच, खांदे रुंद, पण दारातून आत यायचा तो चौकटीला हात टेकून, दम खात. त्याच्यावर दीड वर्षं टीबीचे उपचार चालले होते. रोजचं इंजेक्शन, गोळ्या, सगळं. दम मात्र वाढतच होता. थुंकी तीनदा तपासली होती, तिन्ही वेळा मीच. जंतू एकदाही दिसला नव्हता. तसं मी तिन्ही वेळा लिहिलंही. पण त्या काळात खोकणारा, वाळलेला माणूस म्हणजे टीबी, हे इतकं ठरलेलं होतं की माझ्या तीन ओळी कुणी फारशा मनावर घेतल्या नाहीत. मीही वर जाऊन विचारलं नाही. टेक्निशियननं विचारायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

मग त्याचे डोळे पिवळसर दिसायला लागले. वॉर्डातल्या डॉक्टरांना वाटलं, टीबीच्या गोळ्या यकृताला बाधल्या असतील. त्यांनी यकृताच्या सगळ्या तपासण्या लिहिल्या आणि त्यात एक होती रक्तातल्या प्रथिनांची.

ही तपासणी मला फार आवडायची, म्हणून थोडी सांगते. रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सीरम म्हणतात. त्याचा केसाएवढा बारीक ओरखडा एका पांढऱ्या, पातळ स्ट्रिपवर ओढायचा. स्ट्रिपची दोन्ही टोकं औषधी पाण्यात बुडवायची आणि त्यातून वीज सोडायची. सीरममधली प्रथिनं विजेच्या ओढीनं पळायला लागतात, कुणी जोरात, कुणी रमतगमत. दोनेक तासांनी स्ट्रिप तांबड्या रंगात बुडवून धुतली, की पाच रेघा उमटतात. पहिली जाड आणि गडद, दुसरी अगदी बारीक, मग आणखी तीन. मध्येच वीज गेली की स्ट्रिप वाया. स्ट्रिपा परदेशातून यायच्या आणि आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. देवधर त्या आपल्या कपाटात कुलपात ठेवायचे.

मल्लिनाथची स्ट्रिप मी धुतली आणि उजेडात धरली. रेघा चारच होत्या. जाड रेघेशेजारची ती बारीक रेघ उमटलीच नव्हती.

माझीच चूक असणार असं मी धरून चालले. ओरखडा पुसट ओढला असेल, रंग जुना झाला असेल. डॉ. देवधरांकडं दुसरी स्ट्रिप मागायला गेले.

"पहिलीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बिघडली, सर."

"कशी बिघडली?"

"एक रेघ आली नाही."

त्यांनी कुलूप काढलं. मी या वेळी हुशारी केली. दुसऱ्या स्ट्रिपवर अर्ध्या भागात मल्लिनाथचं सीरम लावलं आणि अर्ध्यात स्वतःचं. स्वतःच्या दंडातून स्वतः रक्त काढायला तोवर मी सरावले होते. एक टोक दातात धरून रबरी नळी आवळायची. दोघांना एकच पाणी, एकच वीज, एकच रंग. स्ट्रिप धुतली तर माझ्या बाजूला पाच रेघा, त्याच्या बाजूला चार.

मी ती ओलीच घेऊन डॉक्टरांच्या टेबलाशी गेले. त्यांनी भिंग घेतलं, खिडकीशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

"कुसुमबाई, याचं वय काय?"

"चौतीस."

"विडी ओढतो?"

"ओढतो, सर. उजव्या हाताची दोन बोटं पिवळी आहेत."

"एक्स-रे मागवा. सगळे."

डॉ. देवधर फार कमी बोलायचे. पोस्टानं येणारी विलायती मासिकं मात्र पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, तीन-तीन महिने उशिरा आली तरी. त्यांनी त्या दिवशी कपाटातून जुने अंक काढले, जेवायला गेले नाहीत आणि दुपारी मला बोलावून समजावलं. मला समजलं तसं सांगते.

आपल्या यकृतात एक प्रथिन तयार होतं. त्याचं नाव लांबलचक आहे, अल्फा-वन अँटिट्रिप्सिन. ते रक्तातून फुप्फुसात जातं. फुप्फुसात धूळ, धूर, जंतू शिरले की शरीर त्यांना जिरवायला तीव्र रस सोडतं. हे रस काम झाल्यावर थांबले नाहीत, तर ते फुप्फुसच खायला लागतात. त्यांना थांबवण्याचं काम या प्रथिनाचं. काही थोड्या माणसांत ते जन्मापासून सदोष तयार होतं. यकृतातून बाहेरच पडत नाही, तिथंच साठून राहतं. म्हणजे फुप्फुसाला राखणदार नाही आणि यकृत तुंबलेलं. दोन्हीकडून नुकसान. हे आईबापांकडून येतं, दोघांकडून एकेक सदोष अंश आला तरच. स्ट्रिपवरची ती दुसरी रेघ म्हणजे मुख्यतः हेच प्रथिन.

"मग टीबी नाही?" मी विचारलं.

"बहुतेक कधीच नव्हता. पण एका स्ट्रिपवर मी एवढं बोलणार नाही."

थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात मल्लिनाथच्या सीरमची बाटली ठेवली आणि डॉक्टरांच्या मेव्हण्यांबरोबर ती रेल्वेनं मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. त्यांनी वाटेत दोनदा बर्फ बदलला, हे ते पुढं कित्येक वर्षं सांगत. तीन आठवड्यांनी पत्र आलं. ते प्रथिन मल्लिनाथच्या रक्तात जवळपास नव्हतंच.

त्याला सांगायच्या वेळी डॉक्टरांनी मला थांबायला सांगितलं. त्याची आई आणि चार वर्षांची मुलगी गौरी बाहेर कडुलिंबाखाली बाकावर बसल्या होत्या. आत तो एकटाच आला.

"मल्लिनाथ, तुम्हाला टीबी नाही," डॉक्टर म्हणाले.

तो डॉक्टरांकडं न बघता माझ्याकडं बघायला लागला. दीड वर्षं सुई टोचणारी मी, त्यामुळं माझ्यावर भरवसा जास्त असावा.

"मंग काय हाय?"

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बरं हुईल का?"

"जेवढं गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते राखता येईल. विडी आजपासून बंद. तोलाराचं काम सोडायचं, धान्याच्या धुळीत उभं राहायचं नाही. दारूला शिवायचं नाही. टीबीची औषधं बंद."

"समदी बंद?"

"सगळी."

त्यानं खिशातून विड्यांचं बंडल काढून टेबलावर ठेवलं, जणू ते जमाच करायचं होतं. मग म्हणाला, "सायेब, हे दुसऱ्याला लागतंय का?"

"नाही. श्वासातनं नाही, ताटातनं नाही, कशातनंच नाही."

"मंग मी पोरीला जवळ घेऊ की."

दीड वर्षं या माणसाचं ताट वेगळं होतं, अंथरूण बाहेरच्या पडवीत होतं आणि पोरीला त्यानं हात लावला नव्हता. कुणी सक्ती केली नव्हती. तोच पाळत होता. आता तो उठून बाहेर गेला आणि बाकावर जाऊन बसला. गौरी आजीच्या पाठीमागं सरकली. इतक्या जवळचा बाप तिच्या ओळखीचा नव्हता. त्यानं हात पुढं केला नाही. नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळानं पोरगी आजीच्या मागून निघाली, त्याच्या गुडघ्यापाशी येऊन उभी राहिली आणि त्याच्या सदऱ्याचं बटण बघायला लागली. मी खिडकीपासून मागं सरले. कामं पडली होती.

थोड्या वेळानं त्याची आई आत आली. तिला सगळे अव्वा म्हणत. कन्नडमध्ये आईला म्हणतात तेच. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, ताठ चालणारी बाई. डॉक्टरांसमोर उभी राहून म्हणाली, "सायेब, लिव्हर बी खराब हुतंय म्हनला न्हवं ह्यात? दारू न पिता?"

"होतं. क्वचित होतं, पण होतं."

"माजा थोरला, बसण्णा. पोटात पाणी झालं, पिवळा पडला आन् गेला. पाच वरसं झाली. समद्यांनी सांगितलं, चोरून पीत हुता."

डॉक्टरांनी मल्लिनाथचा कागद पुन्हा पुढं ओढला. मग म्हणाले, "घरातल्या सगळ्यांचं रक्त बघायला हवं. आम्हीच येतो."

बसण्णाचं नाव मला ओळखीचं वाटलं होतं. दुपारी मी जुनी रजिस्टरं काढली. पाच वर्षांपूर्वीच्या वहीत बसण्णाचे आकडे होते, माझ्याच अक्षरात. आणि आकड्यांबरोबर मला व्हरांडाही आठवला. हीच आई रिपोर्ट न्यायला आली होती. मी कागद तिच्या हातात देताना शहाणपणानं म्हटलं होतं, "मुलाला आवरा, पिऊ देऊ नका." मला कुणी विचारलं नव्हतं. बसण्णाच्या वेळी प्रथिनांची तपासणी कुणी लिहिलीच नव्हती, ती रेघ मला दिसणं शक्य नव्हतं, हे खरं. पण न दिसलेल्या गोष्टीवर बोलायची मला काय गरज होती?

एका रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं डॉ. देवधर आणि मी दुधनीला गेलो. अव्वाच्या घरच्या कट्ट्यावर अकरा नातेवाईक बाह्या वर करून बसले होते. आपसात कन्नड, आमच्याशी मराठी. त्या दिवशी मी जितकी भित्री माणसं पाहिली तितकी एका जागी कधी पाहिली नाहीत, पण एकही उठून गेला नाही. मल्लिनाथची धाकटी बहीण पार्वती सगळ्यात आधी पुढं आली. अक्कलकोटच्या एका घरात तिचं लग्न ठरत आलं होतं. घरात टीबी आहे म्हटल्यावर त्यांनी निरोप पाठवणं बंद केलं होतं. तिनं दंड पुढं केला.

सगळ्यात शेवटी अव्वा बसली. मी रबरी नळी बांधली. ती माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "बाई, तुमी मला आदी भेटलायसा."

"हो," मी म्हटलं. "मला आठवतंय. मी तेव्हा बोलले ते चुकीचं बोलले, अव्वा."

सुई आत गेली तरी तिचा हात हलला नाही.

"तुमचं एकलीचं कुटं हाय. समदं गाव म्हनत हुतं." मग आवाज उतरवून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी बी एकदा त्येचं तोंड हुंगलं. निजला हुता तवा. काय बी वास न्हवता. तरी दुसऱ्या दिशी पुन्ना हुंगलं."

मी कापूस दाबून धरला. जेवढा वेळ दाबायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

मल्लिनाथचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण शेवट मला त्याच्या आईचा सांगायचाय. त्यानं तोलारी सोडली. गावातल्या शाळेत शिपायाची जागा होती, ती त्याला मिळाली. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, झाडांना पाणी घालायचं. खडूची धूळ नको म्हणून फळे मात्र पोरांकडून पुसून घ्यायचा. हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, त्यानंच ठरवलं होतं. विडी पुन्हा ओढली नाही. पहिले दोन महिने तो इतका चिडका झाला होता म्हणे, की बायको म्हणाली, याच्यापेक्षा विडी बरी. दम पूर्ण गेला नाही. जिना चढताना मध्ये थांबायचा. पण जो माणूस वर्षा-दोन वर्षांत जाईल असं वॉर्डात बोललं जात होतं, तो पुढं वीसहून जास्त वर्षं दर दिवाळीच्या आधी तपासणीला येत राहिला. गौरीकडं सदोष अंश एकच आला होता, बापाकडचा. आईकडचा चांगला होता. अशी माणसं बहुधा ठणठणीत राहतात. गौरी राहिली. बापाला डबा द्यायच्या निमित्तानं शाळेत यायची आणि मधल्या सुट्टीत दोघं एकाच ताटात जेवायची.

आता त्या रिपोर्टांचं. रक्तं पुन्हा मुंबईला गेली, पुन्हा पत्र आलं. अव्वा, मल्लिनाथ आणि पार्वती आले. बरोबर दोघे-तिघे भाऊबंदही आले होते, ते बाहेर व्हरांड्यात थांबले. स्ट्रिपा मी टेबलावर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या.

डॉक्टरांनी आधी पार्वतीचं सांगितलं. "तुझी रेघ फिकी आहे, पण आहे. तुला आजार नाही. एक अंश सदोष आहे, एवढंच. लग्न कर. फक्त नात्यातलं स्थळ नको, रक्तात हेच असण्याची शक्यता जास्त."

"त्ये नात्यातलं न्हाईत," पार्वती घाईनं म्हणाली आणि लाजून गप्प बसली. मल्लिनाथ हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

मग डॉक्टर अव्वाकडं वळले. जरा अडखळले. अव्वाचं लग्न सख्ख्या मामाशी झालेलं, त्या भागात तशी रीत होती. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. तिच्या स्ट्रिपवरची दुसरी रेघ पार्वतीसारखीच फिकी होती.

"अव्वा, तुम्हाला स्वतःला काही नाही. पण तो सदोष अंश तुमच्यात आहे. तुमच्या यजमानांतही असणार. मुलात दोन्हीकडचे दोन अंश एकत्र आले की आजार होतो."

तिनं स्ट्रिपकडं पाहिलं. बोट न लावता त्या फिक्या रेघेवर बोट धरलं.

"म्हंजी माज्याकडनं गेलं."

"निम्मं तुमच्याकडून, निम्मं त्यांच्याकडून. यात दोष कुणाचाच नाही."

"दोष ऱ्हाऊ द्या, सायेब. बसण्णाचं खरं काय त्ये सांगा."

डॉ. देवधर हातचं राखून बोलणारे. बसण्णाचं रक्त आता नव्हतं, शवपरीक्षा झाली नव्हती. त्यांनी 'सांगता येणार नाही' म्हटलं असतं तरी चुकीचं झालं नसतं. त्यांनी चष्मा काढला.

"त्यांचं रक्त माझ्यापुढं नाही, म्हणून शपथेवर सांगू शकत नाही. पण माझं मत विचाराल, तर त्यांचं यकृत याच आजारानं गेलं. दारूची त्याला गरज नव्हती."

मला वाटलं, ती कोसळेल. आपल्याच अंगातून मुलाचं मरण गेलं, हे ऐकून कुठली आई उभी राहील? अव्वा उभी राहिली. पदर सारखा केला.

"बरं झालं," ती म्हणाली. "दारूनं न्हाई गेला. आईकडनं गेला."

ती व्हरांड्यात गेली. आम्ही मागोमाग गेलो. भाऊबंद बाकावरून उठले. तिनं प्रस्तावना केली नाही, आजाराचं नाव घेतलं नाही. एकेकाच्या तोंडाकडं बघत, सावकाश म्हणाली, "नन्न मग कुडीतिरलिल्ल." माझं कन्नड बेताचं, पण एवढं मला कळलं. माझा मुलगा पीत नव्हता.

मग त्यातला सगळ्यात वयस्कर, बसण्णाचा चुलता, डोक्यावरची टोपी काढून हातात घेत म्हणाला, "गोत्तायतु, अव्वा." कळलं.

अव्वा बाकावर बसली आणि तिनं पाणी मागितलं. मी लॅबमधून तांब्या आणला. तो संपवून तिनं आणखी एक मागितला, आणि तोही प्याली.